एकोणीस दिवस अर्ध्यावर

मी एक जुनी कप्पी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, आज मी चिडलेली आहे. मित्रांनो, तुम्ही झेंड्याला सलाम करता. ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी उभे राहून फोटो काढता. दोरी ओढणाऱ्या माणसाच्या पाठीवरही एखादे वेळी थाप मारता. पण ती दोरी स्तंभाच्या टोकाशी ज्या चाकावरून फिरते, त्या चाकाकडे बघायला तुमची मान काही वर होत नाही. ते चाक म्हणजे मी. विहिरीवर पोहरा ओढायला असते ना, तशीच, फक्त तळहाताएवढी. देशाचा झेंडा माझ्या अंगावरून रोज वर जातो आणि रोज खाली येतो, आणि या कचेरीच्या एकाही यादीत माझे नाव नाही. याला काय म्हणावे ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याने वाळूच्या साच्यात पितळ ओतले. मी थंड झाल्यावर माझ्या कडेची खाच कानशीने घासून गुळगुळीत केली, मधोमध लोखंडी आस बसवला आणि मला एका बोटाने फिरवून कानाशी धरले. बराच वेळ तो तसाच ऐकत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, ऐक जरा. काही ऐकू येतंय का?"

"छे, काहीच नाही," ती म्हणाली.

"मग जमली!"

तुम्ही वर्गात पहिले आल्यावर तुमचे जसे कौतुक होते, तसे ते माझे पहिले कौतुक. चांगली कप्पी ऐकू येत नाही, असे माझा बाप म्हणायचा. मला न्यायला आलेल्या माणसाला त्याने बजावून सांगितले, "वर्षातून दोनदा तेल द्या. एक थेंब पुरे. पण तो थेंब चुकवू नका, नाहीतर ही तुमच्या नावाने शंख करील." माणसाने मान डोलावली. माणसे मान फार चांगली डोलावतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तिथून मी या कचेरीच्या अंगणात आले. अंगणाच्या मधोमध तीन मजल्यांइतका उंच लोखंडी स्तंभ, त्याच्या टोकाला मी, आणि माझ्या डोक्यावर एक पितळी गोळा. तो गोळा दर महिन्याला चकचकीत दिसावा अशी सगळ्यांची इच्छा असते. तो काही काम करत नाही, तरीही.

माझी सुरुवातीची वर्षे सुखात गेली, आणि त्याचे श्रेय इथल्या पहिल्या पहारेकऱ्याला. तो लढाईवरून परत आलेला म्हातारा सैनिक होता. डावा पाय ओढत चालायचा, त्यामुळे त्याला स्वतःला वर चढता येत नसे. मग तो काय करायचा? रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारा माणूस शिडी घेऊन फिरत असे. म्हातारा फाटकात जाऊन ओरडायचा, "अहो दिवेवाले, दोन मिनिटं आत या!" दिवेवाला आत यायचा, शिडी लावायचा, मला थेंबभर तेल द्यायचा आणि खाली उतरून आपल्या वाटेने जायचा. अर्ज नाही, शिक्का नाही, सही नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे. पुढे उपयोगी पडेल.

त्या म्हाताऱ्यानेच मला माझे खरे काम समजावले, म्हणजे तो माझ्याशी बोलायचा नाही, पण नव्या माणसांना शिकवायचा ते मी वरून ऐकायची. सीमेवर कोणी जवान धारातीर्थी पडला, की झेंडा अर्ध्यावर उतरवायचा आदेश येई. पहिल्यांदा आदेश आला, तेव्हा एका नव्या शिपायाने पायथ्यापासून झेंडा ओढला आणि मधेच थांबवून दोरी खुंटीला बांधली. म्हातारा असा भडकला म्हणता!

"सोड ती दोरी," तो म्हणाला. "आधी माथ्यापर्यंत ने. पूर्ण वर. तिथं दहा आकडे मोज. मग अर्ध्यावर आण, हळू."

"शेवटी अर्ध्यावरच यायचंय ना? मग मधेच थांबवलं तर काय बिघडलं?" शिपाई म्हणाला.

"अर्ध्यावर थांबवायला काही लागत नाही. कंटाळलेला माणूसही मधेच थांबतो. तो पोरगा केवढा उंच होता ते आधी दाखव. मग तो गेल्यामुळं आपण किती खाली आलो ते दाखव. आणि संध्याकाळी उतरवतानाही तेच. आधी वर, मग खाली."

मित्रांनो, झेंडा अर्ध्यावर असतो तेव्हा त्याच्या वरची जागा मोकळी राहते. ती जागा गेलेल्या माणसाची, असे म्हातारा म्हणायचा. आता त्या जागेत राहते कोण? मीच की. दिवसभर मी आणि तो न दिसणारा पोरगा, आम्ही दोघेच वर असायचो. अशा किती जणांना मी सोबत केली आहे. त्या दिवशी मी जरासुद्धा आवाज करत नसे. माझ्या आयुष्यातले हेच काम मला सगळ्यात मोठे वाटते.

म्हातारा निवृत्त झाला. जाताना त्याने सगळे नियम नव्या पहारेकऱ्याला शिकवले. या नव्या पहारेकऱ्याला सगळे 'कर्नल' म्हणतात. त्याने जन्मात बंदूक हातात धरलेली नाही, पण मिशा अशा ठेवल्या आहेत की नाव आपोआप चिकटले. माणूस सज्जन. रोज सकाळी झेंडा चढवतो, संध्याकाळी उतरवतो, घडी अशी घालतो की धोब्याने शिकावे. फक्त एक खोट आहे. साहेब लोकांसमोर त्याच्या मिशा ताठ राहतात आणि बाकीचा कर्नल वाकतो.

आणि मग कचेरीत विभाग झाले. स्तंभ बांधकाम विभागाकडे गेला. झेंडा सामान्य विभागाकडे. दोरी भांडार विभागाकडे. रस्त्यावरचे दिवे आणि त्यांची शिडी रस्ता ओलांडून पलीकडच्या वीज विभागाकडे. मी कोणाकडे? कोणाकडेच नाही! यादी करणाऱ्याने खालून मोजले, आणि खालून मी दिसत नाही. त्या दिवसापासून तेल बंद झाले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात, इथे तर दळणाराच हजर नव्हता.

पहिली दोन वर्षे मी सोसले. तिसऱ्या वर्षी मी करकरायला लागले. मला लाज वाटत होती, बाप आठवत होता, पण कोरड्या आसावर फिरायचे म्हणजे आवाज होणारच. तिसऱ्या मजल्यावर, अगदी माझ्या समोरच्या खिडकीत, हेडक्लार्क बसतात. त्यांना सगळे 'पोचसाहेब' म्हणतात, कारण पोच घेतल्याशिवाय ते कोणाच्या हातात टाचणीसुद्धा देत नाहीत. रोज सकाळी मी करकरले की ते कपाळाला आठ्या घालायचे. "काय ही कटकट! डोकं उठवलं या कप्पीनं," असे म्हणायचे आणि मग उठून, मित्रांनो, ते खिडकी लावून घ्यायचे. माझ्या तक्रारीवर कचेरीने केलेली ही पहिली कारवाई.

याच कचेरीत एक मावशी फरशी पुसतात. बावीस वर्षे झाली. सकाळी कर्नलच्या आधी येतात, झाडूच्या कपाटाला किल्ली लावतात, तिन्ही मजल्यांचे जिने पुसून काढतात. आदेश येऊन झेंडा अर्ध्यावर उतरत असला, की त्या जिथे असतील तिथे बादली खाली ठेवतात आणि सरळ उभ्या राहतात. कचेरीत बाकीची माणसे खिडकीतून एक नजर टाकून पुन्हा कागदात डोके घालतात. मावशी मात्र दोरी खुंटीला बांधून होईपर्यंत हलत नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. मुलगा तिकडे सीमेवर आणि आई इकडे बादली घेऊन उभी. ती काय विचार करत असेल हे मला वरून दिसत नव्हते, पण कळत होते.

तो मुलगा यंदा रजेवर आला होता. एके दिवशी आईला घरी न्यायला तो संध्याकाळी कचेरीत आला आणि स्तंभाखाली उभा राहिला. कर्नल झेंडा उतरवत होता, मी नेहमीप्रमाणे करकरत होते. मुलाने चक्क मान वर केली. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघणारा पहिला माणूस!

"आई, ती वरची बाई ओरडतेय बघ," तो म्हणाला. "हिला कोणी तेल देत नाही वाटतं?"

"आम्हालाच कोणी विचारत नाही, तिला कोण विचारतंय?" मावशी म्हणाल्या. "चल, उशीर होतोय."

पण तो लगेच निघाला नाही. फाटकाजवळ खुंटीला एक तक्रारवही टांगलेली असते. तिच्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले : 'ध्वजस्तंभावरची कप्पी कोरडी पडली आहे. दोरी चाकावरून घसरते आहे. वेळीच तेल न दिल्यास झेंडा अडकेल.' दुसऱ्या दिवशी तो घरून शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली घेऊन आला, तीच निमुळत्या तोंडाची, आणि आईला म्हणाला, "ही तुझ्या कपाटात ठेव. कोणी वर चढलं तर दे." कोणी म्हणजे कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बाटली झाडूच्या कपाटात फिनेलशेजारी जाऊन बसली. मुलगा रजा संपवून परत गेला. आणि वहीतल्या त्या तक्रारीखाली पोचसाहेबांनी निळ्या शाईचा शिक्का मारला : 'नोंद घेतली.' नोंद घेतली म्हणजे काय केले, हे मी आजही विचारते आहे.

त्यानंतर दीड महिन्याने व्हायचे ते झाले. संध्याकाळी कर्नल झेंडा उतरवत होता. दोरी माझ्या झिजलेल्या खाचेतून उडाली आणि चाक आणि बाजूचा पत्रा यांच्या मधे पाचरीसारखी जाऊन बसली. झेंडा बरोबर अर्ध्यावर होता. कर्नलने ओढले. मी हलले नाही. त्याने उलटे ओढले. तरी नाही. त्याने दोरीला लोंबकळून बघितले, तेव्हा त्याच्या शर्टाची शिवण उसवली, एवढेच. दोरी कापायचेही त्याच्या मनात आले, पण झेंडा जमिनीवर पडला असता, म्हणून त्याने सुरी परत खिशात ठेवली.

आणि तो झेंडा तिथेच राहिला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. एकोणीस दिवस! रात्री उतरला नाही, पावसात उतरला नाही, वाऱ्याने त्याची एक कड उसवली तरी उतरला नाही. कर्नलने पहिला अर्ज लिहिला. बांधकाम विभागाने कळवले, स्तंभ सुस्थितीत आहे. दुसरा अर्ज भांडाराकडे गेला. त्यांनी कळवले, दोरी तुटलेली नसल्याने नवी देता येत नाही. तिसरा अर्ज पोचसाहेबांच्या टेबलावर आला. त्यांनी यादी काढली, चष्मा पुसला, बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, "कर्नल, यादीत कप्पीच नाही. जी वस्तू नाहीच, ती दुरुस्त कशी करणार?"

"नाही कशी साहेब? ती काय, समोर दिसतेय," कर्नल खिडकीकडे हात करून म्हणाला.

"दिसतं ते मला सांगू नका, लिहिलेलं दाखवा."

मी त्यांच्यापासून दहा हातांवर होते. ओरडावेसे वाटले, पण अडकलेल्या कप्पीला ओरडताही येत नाही.

रस्त्यावरची माणसे पहिल्या दिवशी थांबली. पाववाला सायकलवरून उतरला. शाळेत निघालेल्या मुली गप्प झाल्या. एक निवृत्त गुरुजी रोज सकाळी फाटकावरून फिरायला जात. त्यांनी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. नवव्या दिवशी मात्र ते फाटकात आले. "कर्नल, एवढे दिवस? कोण गेलं हो?"

कर्नलने इकडेतिकडे बघितले. "कोणी नाही गुरुजी. कप्पी अडकलीय."

गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली आणि ते निघून गेले. दहाव्या दिवसापासून त्यांनी वर बघितले नाही. मग कोणीच बघेनासे झाले. पाववाला घंटी वाजवत जायचा, मुली हसत जायच्या. त्यात त्यांचा काय दोष? रोज खाली असलेल्या झेंड्याकडे कोण किती दिवस बघणार? ज्या खुणेने सगळ्या गावाने थांबायचे, ती खूण या लोकांनी आपल्या आळसाने फुकट घालवली. याचा मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी फौजेची एक गाडी फाटकाशी थांबली. दोन अधिकारी उतरले. कर्नलने त्यांना आत नेले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मावशी फरशी पुसत होत्या. खिडकीतून मला त्या तिघांची डोकी दिसत होती. एका अधिकाऱ्याने टोपी काढली. मावशींनी बादली खाली ठेवली आणि सरळ उभ्या राहिल्या. अकरा वेळा दुसऱ्यांच्या मुलांसाठी जशा राहिल्या होत्या, अगदी तशाच. मग त्या खाली बसल्या. मला पुढचे बघवले नाही, पण मला डोळे मिटता येत नाहीत.

दुपारी आदेश आला. आघाडीवर पडलेल्या चार जवानांच्या सन्मानार्थ उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ध्वज अर्ध्यावर उतरवावा. चौघांतला एक आपल्याच मावशींचा मुलगा. त्याची अंत्ययात्रा उद्या सकाळी दहा वाजता याच रस्त्याने जाणार होती. पोचसाहेबांनी आदेश वाचला. त्यांनाही वाईट वाटले, ते मी नाकारत नाही, चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अरे, झालंच आहे की!" ते म्हणाले आणि लगेच उत्तर लिहायला घेतले. ते उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण त्यांनी ते कर्नलला मोठ्याने वाचून दाखवले : 'आपल्या आदेशाची पूर्तता या कार्यालयाने एकोणीस दिवस अगोदरच केलेली आहे.'

कर्नलच्या मिशा थरथरल्या. "साहेब, असं नका लिहू."

"का? खोटं आहे का यात काही?"

"खोटं नाही साहेब. पण... आधी वर न्यायचा असतो तो. माथ्यापर्यंत. मग अर्ध्यावर."

"आणि अडकलेला झेंडा वर कसा नेणार? शिडी वीज विभागाची. आज पत्र दिलं तर चार दिवसांनी उत्तर येईल. उगाच फाटे फोडू नका. जिथं हवा तिथंच आहे तो." कर्नल नेहमीप्रमाणे वाकला आणि जिना उतरून गेला. मला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. ज्या पोराने माझी हाक ऐकली, त्याच्यासाठी अर्धा स्तंभ वर आणि तेवढेच खाली एवढे चाक फिरवायचे होते, आणि मी दगडासारखी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मावशी आल्या. घरी माणसे जमली असतील, त्यांना सोडून आल्या. त्या जिना चढून पोचसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब गडबडून उठले. "मावशी, तुम्ही कशाला आलात? बसा, पाणी घ्या."

"पाणी नको. झेंडा खाली आला नाही साहेब."

"अहो, अर्ध्यावरच आहे ना? बघा की."

"तो अडकलाय. माझ्या मुलाच्या आधीपासून अडकलाय." मावशींचा आवाज चढलेला नव्हता. त्या फक्त कंटाळलेल्या वाटत होत्या, या सगळ्याला. "बावीस वर्षं बघतेय मी. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आधी वर जातो, मग खाली येतो. दहा वाजता माझा मुलगा या रस्त्यानं जाणार आहे. त्याच्यासाठी काहीच हललं नाही, असं व्हायला नको."

"मला समजतंय हो. पण शिडीसाठी पत्र..."

"पत्र तुम्ही लिहा," मावशी म्हणाल्या आणि वळून चालू लागल्या.

त्या जिना उतरल्या, झाडूच्या कपाटातून काहीतरी काढून पदराखाली धरले आणि थेट रस्ता ओलांडून गेल्या. पलीकडे वायरमन आपल्या शिडीच्या गाडीवर उभा राहून खांबावरचा दिवा बदलत होता.

"दादा, तुमची शिडी हवीय. दोन मिनिटं."

"कशाला मावशी?"

त्यांनी माझ्याकडे हात केला. वायरमन हसला. "अजून अडकलाच आहे का तो? मला आधी वाटलं होतं, कोणीतरी गेलंय."

"गेलंय," मावशी म्हणाल्या. "माझा मुलगा."

वायरमनचे हसू तिथेच विरले. त्याने दिवा तसाच सोडला, खाली उतरला, आणि गाडी वळवून सरळ अंगणात आणली. कर्नलने फाटक उघडले. या खेपेला त्याने वर कोणालाही विचारले नाही, एवढे मी त्याच्या बाजूने सांगते.

शिडी लागली. वायरमन चढायला निघाला, तेव्हा मावशींनी पदराखालची बाटली काढली. निमुळत्या तोंडाची, अर्धी भरलेली. "हे घाला तिला. त्यानं ठेवलं होतं."

मित्रांनो, वायरमनने पाचरीसारखी बसलेली दोरी पक्कडीने सोडवली, ती माझ्या खाचेत बसवली, आसाशी बाटलीचे तोंड धरले आणि एक थेंब सोडला. एकच थेंब. मग मला बोटाने फिरवले. मी फिरले. खाली उतरून शिडी मिटवेपर्यंत सगळे मिळून अकरा मिनिटे लागली. एकोणीस दिवस, तीन अर्ज, एक यादी, एक शिक्का, आणि काम अकरा मिनिटांचे! आता तरी तुम्हाला माझ्या चिडण्याचे नवल वाटू नये.

दहाला पाच कमी असताना कर्नलने दोरी हातात घेतली. रस्त्यावर माणसे थांबू लागली होती. पाववाल्याने घंटी धरून ठेवली. गुरुजी आले, त्यांनी वर बघितले. झेंडा हलला. इतके दिवस मेल्यासारखा लोंबणारा झेंडा वर चढू लागला, माझ्यापर्यंत आला, पूर्ण उघडला. कर्नल मोठ्याने आकडे मोजत होता. मग झेंडा हळूहळू उतरला, अर्ध्यावर आला, आणि गुरुजींच्या हातातली टोपी त्यांच्या छातीशी गेली.

अंत्ययात्रेची गाडी रस्त्याने गेली. मावशी फाटकात उभ्या होत्या. पोचसाहेब हातात ती आदेशाची फाईल घेऊन धावतपळत खाली आले होते. फाईलचे काय करावे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि मावशींच्या मागे सरळ उभे राहिले. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत तो मुलगा होता. मला रडता येत नाही, आम्हा पितळी लोकांचे तेच दुखणे. पण मला फार वाईट वाटले, आणि वाईट वाटतानाच फार बरेही वाटले. तो म्हणाला होता, ती बाई ओरडतेय. आज मी ओरडले नाही.

सूर्य मावळायला आला तेव्हा मावशी परत आल्या. संध्याकाळीही आधी वर, मग खाली, हे त्यांना पाठ होते. कर्नलने दोरी त्यांच्या हातात दिली. फरशी पुसून पुसून राकट झालेले ते हात. त्यांनी दोरी ओढली, झेंडा माथ्यावर नेला, थांबल्या आणि खाली घेऊ लागल्या. अंगणात एवढी शांतता होती की मुंगीचे पाऊलही वाजले असते. मावशी थांबून वर बघू लागल्या.

"काही ऐकू येतंय का हो?" त्यांनी कर्नलला विचारले.

"नाही. काहीच नाही," कर्नल म्हणाला.

मावशींनी मान हलवली आणि पुन्हा दोरी सोडू लागल्या. किती वर्षांनी मी ते ऐकले! मला भट्टीजवळचा तो दिवस आठवला. तेच शब्द, पण आता ते ऐकून आनंद करावा अशी वेळ नव्हती.

तुम्हाला वाटेल, कचेरी सुधारली असेल. सुधारली तर! वरातीमागून घोडे निघाले. आता 'कप्पी देखभाल समिती' स्थापन झाली आहे. तिच्या दोन बैठका झाल्या. माझे नाव यादीत आले आहे, पण लिहिणाऱ्याने मला 'छत्रीची मूठ' यांच्यानंतर आणि 'जुने कुलूप' यांच्या आधी टाकले आहे. समितीने मला तेल द्यायचे तत्त्वतः मान्य केले आहे. तेल मात्र वायरमनच देतो. ती बाटली मावशींनी त्याच्या गाडीत ठेवली आहे, आणि रस्त्यावरचा दिवा बदलायला आला की तो न विचारता आत येतो. तक्रारवहीतले ते पान कर्नलने फाडू दिले नाही. 'नोंद घेतली'च्या खाली त्याने तारीख घालून स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'उशीर झाला.'

तेव्हा मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. झेंडा अर्ध्यावर दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. फाटकात जा आणि विचारा, "कोण गेलं?" उत्तर मिळाले तर टोपी काढून क्षणभर उभे राहा. आणि कोणी खाली मान घालून "कोणी नाही, कप्पी अडकलीय" असे म्हणाला, तर घरी जाऊ नका. रस्ता ओलांडा आणि शिडी घेऊन या.